खुर्ची थांबली म्हणून माणूस का थांबावा?

विहिरीवरचा पंप बंद पडला की त्याची मोटर उतरवून वाइंडिंगवाल्याकडे न्यावयाची, ट्रॉलरचा स्टार्टर अडला की त्याचे कार्बन बदलून घ्यावयाचे, गिरणीचा पट्टा तुटला की दुसरा चढवून सांजवेळेच्या आत दळण सुरू करावयाचे, ही आम्हां किनारपट्टीच्या माणसांची जुनी रीत आहे. यंत्र बिघडले म्हणजे मेले, असे मानणारा आमचा समाज नव्हे. तथापि एक यंत्र असे आहे, की ते बिघडले असता दुरुस्तीचा विचार सहसा कोणी गंभीरपणे करीत नाही. आणि दुर्दैव असे, की नेमके तेच यंत्र थांबले तर त्याबरोबर एक सबंध माणूस थांबतो. ते यंत्र म्हणजे विजेवर चालणारी चाकांची खुर्ची होय.

फोंडा महालातील एका निवृत्त शिक्षकांची हकीकत अलीकडेच आमच्या कानी आली. गावात त्यांना सारे मास्तर म्हणतात. आम्हीही तेच म्हणू. दोन्ही पाय गेल्यावर परदेशी असलेल्या मुलाने त्यांना तिकडची एक वापरलेली विजेची खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीवरून मास्तर वाचनालयात जात, बाजारात जात, आणि सोमवारी देवळापर्यंत जाऊन येत. एका पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी खुर्चीच्या पेटीत शिरले आणि खुर्ची जी थांबली ती थांबलीच. दूरच्या शहरातील विक्रेत्याकडे चौकशी केली, तेव्हा उत्तर आले, की ह्या नमुन्याचा कंट्रोलर आता निघत नाही, नवी खुर्चीच घ्या. त्या नव्या खुर्चीची किंमत लाखांच्या घरातली होती आणि मास्तरांचे निवृत्तिवेतन हजारांच्या घरातले. चार महिने मास्तर पडवीत बसून अंगणातील तुळशीवृंदावनाकडे पाहत राहिले.

अखेर गावातील एका ऑटो-इलेक्ट्रिशियनाने खुर्चीच्या मोटरी उघडल्या, कार्बन पाहिले, आर्मेचर हाताने फिरवून पाहिले आणि तो म्हणाला, "मास्तर, हातपाय धडधाकट आहेत हो तिचे. डोके तेवढे गेले आहे." ह्या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मर्म आले आहे. मोटर हे लोखंड, तांबे आणि चुंबक यांचे साधे, दणकट यंत्र. तिचे आयुष्य सांभाळले तर वीस-पंचवीस वर्षांचे. कंट्रोलर हा इलेक्ट्रॉनिक वस्तू. त्याचे नमुने काही वर्षांत बदलतात. धडधाकट हातपाय असलेल्या यंत्राला केवळ नवे डोके बसविण्याची सोय नाही म्हणून ते भंगारात जावे, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही, आणि तो बदलावयाचा तर कोणती पथ्ये पाळावी लागतील, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

विजेच्या खुर्चीचा इतिहास फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धातून पाठीच्या कण्याला इजा होऊन परतलेल्या सैनिकांसाठी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील जॉर्ज क्लाइन ह्या अभियंत्याने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशी खुर्ची सिद्ध केली. दोन्ही चाकांना स्वतंत्र चालना आणि हाताशी एक दांडी, ही त्याची कल्पना आजही कायम आहे. पुढे १९५६ पासून अमेरिकेतील एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज ह्या कंपनीने विजेच्या खुर्च्या मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला. त्या काळच्या खुर्च्यांत रिले असत. दांडी ढकलली की रिले खटकन बसे आणि मोटरीला सारी वीज एकदम मिळे. सोडली की एकदम बंद. त्यामुळे खुर्ची हिसका देऊन निघे आणि हिसका देऊन थांबे. आजचा कंट्रोलर तीच वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. जोडलेला काळ वाढवीत नेला की वेग हळूहळू वाढतो, कमी केला की अलगद उतरतो. बसणाऱ्याला मात्र ह्या तोडजोडीची गंधवार्ताही नसते.

म्हणजे बदल झाला तो हुकूम देणाऱ्यात. हुकूम पाळणारी मोटर बऱ्याच अंशी तीच राहिली. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून मिळणारे २४ व्होल्ट, प्रत्येक मोठ्या चाकाला एक मोटर, आत कायम चुंबक आणि कार्बनचे ब्रश, हा संसार तीस वर्षांपूर्वीच्या खुर्चीत होता आणि आजच्याही अनेक खुर्च्यांत आहे. काही नव्या खुर्च्यांत ब्रश नसलेल्या मोटरी आल्या आहेत, हे खरे. त्यांचा कंट्रोलर ब्रशवाल्या मोटरीला चालणार नाही. परंतु ब्रशवाल्या मोटरीसाठी केलेला आधुनिक कंट्रोलर आणि जुनी मोटर यांचा विवाह जमण्यासारखा असतो. मात्र पत्रिका पाहिल्यावाचून तो लावू नये. ह्या पत्रिकेत चार गोष्टी पाहावयाच्या असतात.

पहिली गोष्ट मोटरीची जात. कायम चुंबकाच्या मोटरीला दोनच जाड तारा असतात आणि त्यांची अदलाबदल केली की मोटर उलट फिरते. काही फार जुन्या मोटरींत मात्र चुंबकाच्या जागी तांब्याचे वेटोळे असते आणि ते आर्मेचरशी एकसरीत जोडलेले असते. अशा मोटरीच्या टोकांची अदलाबदल केली तर वेटोळ्यातील आणि आर्मेचरमधील प्रवाह एकाच वेळी उलटतात; परिणामी मोटर पूर्वीच्याच दिशेने फिरत राहते! आजचा कंट्रोलर तर टोके उलटवूनच खुर्ची मागे घेतो. तेव्हा दांडी मागे ओढावी आणि खुर्ची पुढेच जावी, असा विपरीत प्रकार घडेल. वेटोळ्यासाठी डायोडची जोडणी करून त्यातील प्रवाह एकाच दिशेने ठेवण्याची युक्ती जाणकारांना ठाऊक आहे. पण उतारावर वेगाला आवर घालण्याचे जे काम कायम चुंबकाची मोटर सहज करते, ते अशा जोडणीत नीट साधत नाही. प्रयोगशाळेत ही युक्ती शोभते. माणूस बसावयाच्या खुर्चीत मोटरच बदलावी, हे बरे.

दुसरी गोष्ट मोटरीचा अंतर्गत रोध. हा आकडा ओहममध्ये नव्हे, तर ओहमच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिओहममध्ये मोजावा लागतो. समजा, मोटरीचा रोध १०० मिलिओहम आहे. सपाट जमिनीवर ती १० अँपिअर घेत असेल तर मोटरीच्या आतच १ व्होल्ट खर्ची पडतो; पण चढावर ६० अँपिअर लागले की ६ व्होल्ट, म्हणजे २४ मधील एक चतुर्थांश, आतच गडप होतात. साहजिकच चढावर खुर्ची मरगळते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे सपाटीवर असले तर खड्ड्यातले चाक मागे राहते आणि खुर्ची भलतीकडे वळते. आधुनिक कंट्रोलर ही तूट ओळखून तेवढा दाब वाढवून देतो. परंतु तूट किती, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. कारखान्यातून येताना त्यात दुसऱ्याच मोटरीचा आकडा भरलेला असतो. तो खऱ्यापेक्षा कमी असेल तर खुर्ची सुस्त होते; अधिक असेल तर ती बिथरलेल्या खोंडासारखी उसळ्या मारते. मग लोक म्हणतात, जुन्या मोटरीला नवा कंट्रोलर मानवत नाही. न मानवण्यासारखे काही नसते. आकडा चुकलेला असतो.

हा आकडा साध्या मीटरने मिळत नाही, कारण मीटरच्या तारांचाच रोध त्याहून अधिक भरतो. ब्रेक लागलेला असताना, म्हणजे आर्मेचर धरलेले असताना, मोटरीतून मोजका १० अँपिअर प्रवाह सोडावा आणि कंट्रोलरकडे जाणाऱ्या तारांच्या टोकाशी व्होल्ट मोजावा. १ व्होल्ट आला तर रोध १०० मिलिओहम. चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी मोजावे, कारण कार्बनखालची तांब्याची पट्टी बदलली की आकडा थोडा बदलतो. मोटर थंड असताना मोजावे आणि आलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमीच भरावा. तापले की तांब्याचा रोध दर अंशाला शेकडा ०.४ च्या सुमारास वाढतो. तेव्हा थंडपणीचा आकडा भरला तर तो कधीच जास्तीचा होत नाही. एवढे गणित आमच्या कोणत्याही हुशार वाइंडिंगवाल्याच्या आवाक्यातले आहे. ते त्याला कोणी सांगत नाही, एवढेच.

तिसरी गोष्ट प्रवाहाची मर्यादा आणि मोटरीची प्रकृती. नवा कंट्रोलर एकेका मोटरीला १०० अँपिअरच्या घरात प्रवाह देऊ शकणारा असेल आणि जुनी मोटर त्याच्या निम्म्यासाठी घडविलेली असेल, तर एखाद्या दगडाला चाक अडताच कार्बन जळतात, वेटोळ्यांचे वार्निश करपते आणि प्रवाह फारच झाला तर कायम म्हणविणारे चुंबकही आपले सत्त्व गमावतात. म्हणून मर्यादा मोटरीच्या वयाला शोभेल अशीच लावावी. त्याआधी मोटर उघडून कार्बनची काळी भुकटी साफ करावी, कारण ती वीजवाहक असते, बेअरिंगे तपासावी, आणि आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे ते तारांच्या जोडांकडे. खाऱ्या वाऱ्याने पितळेच्या खुंट्यांवर जो हिरवा कळंक चढतो, तो दिसण्यात क्षुल्लक असतो. पण एका जोडात त्यामुळे १० मिलिओहम रोध वाढला आणि त्यातून ६० अँपिअर वाहू लागले, तर त्या एका जोडात ३६ वॉट उष्णता निर्माण होते. सोल्डर वितळविणाऱ्या लहान आयर्नमध्ये होते जवळजवळ तेवढी. प्लॅस्टिकचा जोड मग वितळला तर नवल कसले? कंट्रोलरच्या माथी मारले जाणारे बिघाड पुष्कळदा अशा कळंकलेल्या जोडांत दडलेले असतात.

चौथी गोष्ट ब्रेक. आणि येथे आम्ही वाचकांना पुन्हा मास्तरांच्या पडवीत नेतो.

विजेच्या खुर्चीचा ब्रेक आपल्या सायकलच्या ब्रेकच्या नेमका उलट असतो. सायकलचा ब्रेक दाबल्यावर लागतो. खुर्चीचा ब्रेक मुळात लागलेलाच असतो. एक स्प्रिंग त्याला घट्ट दाबून धरते. खुर्ची चालावयाची तेव्हा विद्युत्‌चुंबक स्प्रिंगला मागे ओढून ब्रेक सोडवतो. वीज गेली, तार तुटली, बॅटरी संपली, काहीही झाले तरी स्प्रिंग आपले काम करते आणि चाक जखडते. ह्या रचनेइतकी शहाणी रचना यंत्रविद्येत थोडी सापडेल. आधुनिक कंट्रोलर सुरू होतानाच ब्रेकचे वेटोळे जागेवर आहे की नाही, हे तपासून घेतो. नसेल तर दिवा मिचकावून चालण्यास नकार देतो. ब्रेक १२ व्होल्टचा आहे की २४ चा, हेही पाहावे लागते. १२ चा ब्रेक २४ वर जोडला तर वेटोळे जळते, आणि २४ चा १२ वर जोडला तर तो पुरता सुटत नाही.

आमच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनाने दुसऱ्या एका खुर्चीचा वापरलेला कंट्रोलर मिळविला, मोटरी जोडल्या, पण जुन्या ब्रेकच्या तारा कुजून तुटलेल्या होत्या. कंट्रोलर रुसून बसला. तेव्हा त्याने वेटोळ्याच्या रोधाइतकाच एक रेझिस्टर तेथे डकवला. कंट्रोलरला वाटले, ब्रेक आहे. स्प्रिंग दाबून धरणारे ब्रेक त्याने तरफेने कायमचे सोडवून ठेवले. खुर्ची चालू लागली. घरात आनंदीआनंद झाला, आणि त्याच सोमवारी मास्तर देवळाकडे निघाले. देवळापुढच्या जांभ्या दगडाच्या उतारावर त्यांनी दांडी सोडली. खुर्ची थांबल्यासारखी झाली आणि मग, हळूच, आपणहून, तळ्याच्या दिशेने घरंगळू लागली. फुले विकणारी एक बाई धावत येऊन मागची मूठ धरती ना, तर आज हा लेख लिहिण्याचे आमच्या जिवावर आले असते.

तो कारागीर वाईट नाही. त्याने मजुरीचा एक पैसा घेतला नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याने रेझिस्टर तोडून टाकला, ब्रेकची वेटोळी तपासून नव्या तारा घातल्या, चाके जमिनीपासून उचलून खुर्ची तासभर चालवून पाहिली आणि मग तीच खुर्ची, स्वतः बसून, त्याच उतारावर उभी केली. ह्या प्रसंगातून घ्यावयाचा धडा सरळ आहे. यंत्राने तक्रार केली तर तिचे कारण शोधावे. तक्रार करणारे तोंड बंद करू नये. रेझिस्टरने कंट्रोलर फसतो, उतार फसत नाही. जो कारागीर अशा खुर्चीला हात लावील, त्याने ब्रेकला बगल देणार नाही अशी शपथ आधी घ्यावी, असे आम्ही निक्षून सांगतो. स्वस्त दुरुस्तीच्या उत्साहात ह्या एका बाबतीत तडजोड झाली, तर दुरुस्तीच्या हक्काची सारी बाजूच लंगडी पडेल.

आता त्या हक्काकडे वळू. मास्तरांच्या खुर्चीचे ब्रेक सुधारले, तरी ती उसळ्या मारीतच होती, कारण कंट्रोलरात परक्या मोटरीचा आकडा होता. आकडा मोजून हाती होता. पण तो आत भरण्यासाठी लागणारे उपकरण, ज्याला प्रोग्रामर म्हणतात, ते फक्त अधिकृत विक्रेत्यांनाच मिळते, असे कळले. मालक खुर्चीचा, पैसे मालकाचे, जीव मालकाचा. किल्ली मात्र विक्रेत्याच्या खिशात! एका सहृदय तंत्रज्ञाने सुट्टीच्या दिवशी येऊन वीस मिनिटांत दोन आकडे बदलले. चार महिने आणि वीस मिनिटे, ह्या दोन मुदतींमधील अंतर ज्याने निर्माण केले, ते कुलूप तंत्राचे नव्हे, व्यापाराचे आहे.

ह्या कुलपाची बाजू मांडणारे म्हणतात, की वाटेल त्याच्या हाती प्रोग्रामर दिला तर अपघात होतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेगाची मर्यादा, वळण्याचा वेग, थांबण्याचा दर हे आकडे भलतेच भरले तर खुर्ची माणसाला उलथवू शकते. परंतु धोका आहे म्हणून ज्ञान झाकून ठेवले, तर धोका नाहीसा होत नाही. तो अंधारात जातो. आमच्या कारागिराने रेझिस्टर डकवला, तो त्याला फार माहिती होती म्हणून नव्हे, तर पुरेशी नव्हती म्हणून. कंपनीने आपल्या कंट्रोलरची पुस्तिका खुली केली असती, तर ब्रेकच्या प्रकरणातली पहिलीच ओळ त्याला वाचवती.

परदेशांत हा झगडा जुना आहे, आणि तो लढणारे बहुतेक स्वतः खुर्चीवर बसणारे होते. ज्या एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज कंपनीचा उल्लेख वर आला, तिची सुरुवात हर्बर्ट एव्हरेस्ट यांच्या गरजेतून झाली. १९१८ साली खाणीतील अपघाताने ते पंगू झाले होते आणि अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांच्यासह त्यांनी घडी होणारी खुर्ची घडविली. त्याच कंपनीवर पुढे, १९७७ साली, बाजार मुठीत ठेवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी खटला भरला. तो १९७९ साली तडजोडीने मिटला. गरजेतून जन्मलेली संस्था गरजवंतांनाच कशी जड होऊ शकते, ह्याचे हे उदाहरण विसरण्यासारखे नाही.

कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९७२ साली अपंगांनीच चालविलेले स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झाले. एड रॉबर्ट्स हे नाव त्या चळवळीशी कायमचे जोडले गेले आहे. त्या मंडळींनी भाषणांबरोबरच एक गोष्ट केली, ती म्हणजे खुर्च्यांच्या दुरुस्तीची सोय. खुर्ची मोडलेला माणूस घरात कैद होतो आणि कैद झालेल्या माणसाचे बाकीचे सारे हक्क कागदावर राहतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. राल्फ हॉचकिस हे असेच एक अभियंते. १९६६ च्या अपघातानंतर स्वतः खुर्चीवर बसणाऱ्या ह्या गृहस्थांनी १९८० पासून निकाराग्वातील खुर्चीवर बसणाऱ्या तरुणांबरोबर, गावच्या कार्यशाळेत बनेल आणि गावातच दुरुस्त होईल, अशी हाताने चालवावयाची खुर्ची विकसित केली. त्यांचे सूत्र विजेच्या खुर्चीलाही लागू पडते: जी वस्तू वापरणाऱ्याच्या गावात दुरुस्त होत नाही, ती त्याची पुरती झालेलीच नसते.

आणि अगदी अलीकडे, २०२२ साली, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने विजेच्या खुर्च्यांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. १ जानेवारी २०२३ पासून तो अमलात आला. सुटे भाग, हत्यारे, आतील प्रोग्राम आणि माहितीपुस्तिका, ही चारही मालकाला आणि स्वतंत्र कारागिराला उपलब्ध करून देणे त्याने उत्पादकांवर बंधनकारक केले. त्या देशात असा हा पहिला कायदा होय.

आपल्याकडे काय? दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. साधने देण्यासाठी केंद्राची योजना १९८१ पासून आहे. कृत्रिम अवयव व साधने बनविणारे सरकारी महामंडळ कानपुरात १९७२ पासून आहे. देण्याची व्यवस्था आहे, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु दिलेले साधन चालू ठेवण्याची व्यवस्था कोठे आहे? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली, तेव्हा चार क्षेत्रे निवडण्यात आली: शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, घरातील टिकाऊ वस्तू, आणि मोटारगाड्या व त्यांची उपकरणे. चारही योग्यच. पण मोबाईल बंद पडला तर माणसाची गैरसोय होते, खुर्ची बंद पडली तर माणूसच बंद पडतो. मग त्या यादीत खुर्चीला स्थान का नसावे?

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. दुरुस्तीच्या हक्काच्या क्षेत्रांत चालण्या-फिरण्याच्या साधनांचा समावेश व्हावा. सरकारी पैशाने जी विजेची साधने खरेदी होतील, त्यांच्या निविदेतच अशी अट असावी, की कंट्रोलरची पुस्तिका, मोटरीचा रोध, ब्रेकचे व्होल्ट आणि आकडे भरण्याचे उपकरण खरेदीदाराच्या स्वाधीन केले जाईल. गोव्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री शिकणाऱ्या मुलांसाठी ह्या कामाचे एक बाक असावे. तेथे दुरुस्तीबरोबर ब्रेकचे पथ्यही शिकविले जावे. आणि दुरुस्तीच्या काळात मालकाला उसनी देण्यासाठी प्रत्येक तालुक्यात एक तरी चालू खुर्ची राखून ठेवलेली असावी. २०२३ च्या जानेवारीपासून गोव्यात दिव्यांगांचा पर्पल फेस्ट भरू लागला. अशा उत्सवांत नव्या साधनांच्या झगमगाटाइतकाच मान दुरुस्तीच्या बाकाला मिळावा, हीही आमची अपेक्षा आहे.

ह्यांतील एकाही गोष्टीला अपार पैसा लागत नाही. लागते ती दृष्टी. साधन देणे हे दान समजले की दिल्या क्षणी कर्तव्य संपते. ते माणसाच्या स्वातंत्र्याचे अंग समजले, की ते चालू ठेवणे हेच खरे कर्तव्य ठरते. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पडवीच्या कोपऱ्यात, गेलेल्या वडीलधाऱ्यांची अशी एखादी खुर्ची पोते पांघरून पडलेली असेल. ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिच्या मोटरी एकदा कोणा जाणकाराला दाखवा. डोके गेले असेल, पण हातपाय शाबूत असतील; आणि शेजारच्याच वाड्यात कोणी तरी तिची वाट पाहत बसले असेल.

मास्तर आता पुन्हा सोमवारी देवळाकडे जातात. उतारावर पोचले की ते दांडी सोडतात, आत ब्रेक बसल्याचा बारीक खट्‌ असा आवाज येतो, आणि खुर्ची जागच्या जागी उभी राहते. तो आवाज ऐकल्याशिवाय ते हात जोडीत नाहीत.